पोरं कुठं ठेवायची?

दसरा झाला की बीड, जालना, परभणी, नगर या भागांतल्या गावांत ऊसतोडीला नेणारे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा विचार कुणी करत नाही. धान्याची पोती, भांडी, ताडपत्री, कोंबड्या गाडीत चढतात. शेवटपर्यंत सुटत नाही तो प्रश्न एकच. पोरं कुठं ठेवायची? थोरली शाळेत जाते, तिला आजीजवळ ठेवावं तर आजीला नीट दिसत नाही. मधल्याला न्यावं तर फडात त्याला बघणार कोण? तान्हं तर न्यावंच लागतं. हा हिशेब गाडी सुरू होईपर्यंत चालतो आणि मग अर्धं घर गाडीत चढतं, अर्धं ओट्यावर उभं राहतं.

पोट भरायला घर सोडलेल्या जगातल्या प्रत्येक कुटुंबापुढे हा प्रश्न उभा राहिला आहे. कुणी मुलांना मागे ठेवलं, कुणी लपवून बरोबर नेलं, कुणी दहा वर्षांनी बोलावून घेतलं. काहींची मुलं परक्या देशाच्या सरकारने हातातून काढून घेतली. काहींच्या मुलांना वाढल्या घरातून वयाच्या एकविसाव्या वर्षी बाहेर पडावं लागलं. या सगळ्या कहाण्या एकत्र ठेवून वाचल्या की आईबापांच्या मायेबद्दल फारसं काही कळत नाही, कारण माया सगळीकडे सारखीच दिसते. कळतं ते मजुरीच्या व्यवहाराबद्दल. मजूर बोलावणाऱ्याला दोन हात हवे असतात. त्या हातांना धरून आलेलं लेकरू त्याच्या हिशेबात नसतं. कायदे, परवाने, पगार, राहण्याच्या जागा हे सगळं त्या दोन हातांच्या मापाने बेतलेलं असतं.

आपल्या लोकांना हे नवं नाही. गिरणगाव उभं राहिलं ते याच मापावर. रत्नागिरीहून, साताऱ्याच्या घाटमाथ्यावरून आलेला गडी परळ-लालबागच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा. १९२१ च्या जनगणनेच्या काळात मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या पाचशेच्या थोड्याच वर. बाकीच्या बायका आणि बहुतेक मुलं गावी होती. गिरणीचा पगार मुंबईत संसार मांडण्याएवढा नव्हता. गावाकडची भातखाचरं, म्हातारी माणसं आणि बायकोचे कष्ट मुलांना वाढवत होते, आजारी पडून परतलेल्या गड्याला सांभाळत होते, आणि त्या बळावर गिरणीला स्वस्त मजूर मिळत होता. मुलांच्या वाट्याला बाप यायचा तो गणपतीत आणि शिमग्याला. एरवी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा आणि तिच्या कूपनावर लिहिलेल्या दोन ओळी आईला वाचून दाखवायचा. कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी बापाचं बोलणं पोस्टमनच्या तोंडून ऐकलं. या ताटातुटीला आपण कधी ताटातूट म्हटलं नाही. 'चाकरमानी' हा शब्द आपण कौतुकाने वापरत आलो, आणि त्या शब्दात मागे राहिलेलं पोर कुठेच दिसत नाही.

पुढे हीच रीत आखातात गेली. दापोली-खेड, श्रीवर्धन, रत्नागिरीकडचे तरुण दुबई, कुवेत, मस्कतला गेले, गोव्याचे तारवटी तर त्याआधीपासूनच बोटींवर होते. तिथल्या नियमांत पगाराची किमान रेषा असते. संयुक्त अरब अमिरातीत आज कुटुंब बोलवायचं तर महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा, एवढी कमाई लागते. बांधकामावरच्या मजुराला ही रेषा गाठता येत नाही. त्याला कुणी 'मुलांना आणू नकोस' असं सांगत नाही, आकडाच ते काम करतो.

हेच माप कागदावर सगळ्यात उघडपणे लिहिलं ते स्वित्झर्लंडने, आणि म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. १९३४ पासून २००२ पर्यंत तिथे हंगामी कामगाराचा वेगळा परवाना होता. वर्षातले जास्तीत जास्त नऊ महिने काम करायचं, मालक बदलायचा नाही, हंगाम संपला की देश सोडायचा, आणि कुटुंब आणायचं नाही. आधी इटालियन, मग स्पॅनिश, पोर्तुगीज, युगोस्लाव्ह माणसं या परवान्यावर आली. त्यांनी रस्ते, बोगदे, धरणं, हॉटेलं बांधली. १९६५ मध्ये मटमार्क धरणाच्या कामावर हिमनदीचा कडा कोसळून ८८ माणसं गाडली गेली, त्यांतली ५६ इटालियन होती. देशाला या माणसांची गरज किती होती ते यावरून कळावं. तरी त्यांच्या मुलाला देशात राहण्याचा हक्क नव्हता.

मग आईबापांनी काय केलं? काहींनी मुलं आजोळी ठेवली. काहींनी सीमेच्या पलीकडच्या इटालियन गावांतल्या बोर्डिंगांत ठेवली, म्हणजे निदान रविवारी गाडीने जाऊन भेटता यावं. आणि हजारोंनी मुलांना पाहुणे म्हणून आणलं आणि परत पाठवलंच नाही. सकाळी आईबाप कामावर जात आणि मूल दिवसभर कुलूपबंद खोलीत राही. खिडकीत दिसायचं नाही, आवाज करायचा नाही, दारावर थाप पडली तर कपाटात शिरायचं. शाळेचा तर विषयच नव्हता. आजारी पडलं तर डॉक्टर कोणता, तो कळवणार तर नाही ना, ही चिंता. या मुलांना जर्मनमध्ये 'श्रांककिंडर', म्हणजे कपाटातली मुलं, असं नाव पडलं. सत्तरच्या दशकात अशी मुलं दहा ते पंधरा हजार असावीत असा अंदाज नेहमी सांगितला जातो. मारिना फ्रिजेरिओ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांशी बोलून त्यांच्या हकिकती पुस्तकात आणल्या. आज ही मुलं साठीच्या आसपास आहेत. २०२१ मध्ये त्यांनी 'तेसोरो' नावाची संघटना काढली आणि सरकारने चूक कबूल करून माफी मागावी अशी मागणी केली.

या हकिकतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. मूल आईजवळ होतं, त्याच घरात, त्याच बिछान्यात. तरीही ते वियोगात वाढत होतं, कारण रोज सकाळी आई गेली की ती परत येईलच अशी त्याला खात्री नव्हती, आणि आपण सापडलो तर आईची नोकरी जाईल हे त्याला चार-पाच वर्षांच्या वयात कळलेलं होतं. वियोगाची सुरुवात आईबाप दूर गेल्यावर होते असं आपण धरून चालतो. ती भीती घरात शिरते तेव्हाच झालेली असते. अमेरिकेकडे वळल्यावर हे अधिक स्पष्ट दिसेल.

त्याआधी चीन. देशाची सीमा न ओलांडता माणूस परका कसा होतो हे तिथे दिसतं. १९५८ पासून तिथे 'हुकोऊ' म्हणजे कुटुंबाच्या नोंदणीची पद्धत आहे. नोंद गावची असेल तर शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणं अवघड, आणि महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा बहुधा नोंदणीच्याच प्रांतात द्यावी लागते. म्हणून शेन्झेनच्या कारखान्यात कामाला गेलेले आईबाप मुलांना आजी-आजोबांकडे ठेवतात आणि वर्षातून एकदा नववर्षाच्या सणाला घरी येतात. २०१० च्या जनगणनेवरून अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटी दहा लाख निघाली होती. २०१५ च्या जूनमध्ये क्वेइचौ प्रांतातल्या बीचिए भागात घरात एकट्याच राहणाऱ्या चार भावंडांनी कीटकनाशक पिऊन जीव दिला. सगळ्यात मोठा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता. देश हादरला. पुढच्याच वर्षी सरकारने नवं धोरण आणलं आणि त्याबरोबर व्याख्याही बदलली. आधी आईबापांपैकी एक जण जरी बाहेर असला तरी अठराच्या आतलं मूल मोजलं जाई. आता वय सोळा झालं, आणि दोघेही बाहेर असतील किंवा मागे राहिलेला एक जण सांभाळायला असमर्थ असेल तरच मूल मोजायचं ठरलं. आकडा नव्वद लाखांवर आला. म्हणजे पाच कोटींहून अधिक मुलं आईबापांपैकी कुणीही परत न येता यादीतून गेली. आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांची मोजणी कशी होते, हे वाचताना मला नेहमी ही चिनी व्याख्या आठवते.

मागे राहिलेल्या मुलाचं नेमकं काय होतं, यावर बरंच संशोधन झालं आहे. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये १११ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे दोन लाख पासष्ट हजार मुलं होती. आईबाप बाहेर असलेल्या मुलांत नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार अधिक आढळले. त्यांचं वजन आणि उंचीही मागे पडलेली दिसली. पाठवलेल्या पैशाने आरोग्य सुधारल्याचं मात्र कुठल्याच बाजूने दिसलं नाही. हे वाचून बाहेर राबणाऱ्या आईबापांच्या काळजाला चरा पडेल. पण या अभ्यासांतले बहुसंख्य एकट्या चीनमधले आहेत हेही सांगायला हवं. आग्नेय आशियातल्या चार देशांतल्या एका मोठ्या पाहणीत चित्र वेगळं निघालं. इंडोनेशिया आणि थायलंडमध्ये बाप परदेशी असलेल्या मुलांची मानसिक अवस्था खालावलेली होती, फिलिपिन्स आणि व्हिएतनाममध्ये तसा फरक दिसला नाही. मूल ज्या माणसाजवळ राहतं ते माणूस स्वतः किती ठीक आहे, याला त्या पाहणीत मोठं वजन होतं.

सांभाळणाऱ्या माणसाची ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फिलिपिन्स १९७४ पासून सरकारी धोरण म्हणून माणसं परदेशी कामाला पाठवतं. तिथे जवळजवळ प्रत्येक वस्तीत अशी घरं आहेत. मुलाला आपण एकटेच सोडले गेलो असं वाटत नाही, मावशी-आत्या वाटणी करून सांभाळतात. तरी तिथेही एक भेद चिवटपणे टिकून आहे. समाजशास्त्रज्ञ ऱ्हासेल पारेन्यास यांनी फिलिपिनो मुलांशी दीर्घ काळ बोलून दाखवलं की बाप परदेशी गेला तर मुलं त्याला कष्टाळू म्हणतात, आणि आई गेली तर तिने आपल्याला टाकलं म्हणतात. आई हाँगकाँगहून रोज फोन करत असली, पै न पै पाठवत असली, तरीही. मागे राहिलेला बाप घरकामाला हात लावत नाही, तो भार थोरल्या मुलीवर किंवा आत्यावर पडतो, आणि दोष मात्र दूर गेलेल्या आईच्या नावावर जमा होतो. हे वाचताना कुठलंही मराठी घर आठवेल. नर्स म्हणून आखातात गेलेल्या बाईला 'पोरांना टाकून गेली' असं म्हणणाऱ्यांनी चाकरमान्याला तसं कधी म्हटलं होतं का?

कॅरिबियन बेटांवरून वेगळी गोष्ट शिकायला मिळते. पन्नास-साठच्या दशकांत जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादहून माणसं ब्रिटनमध्ये गेली, नंतर अमेरिका आणि कॅनडात. मुलं आजीकडे राहिली. आई मोठ्या पिंपात कपडे, बूट, डबाबंद अन्न, खेळणी भरून बोटीने पाठवायची. या मुलांना जमैकाच्या अभ्यासक क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राउन यांनी नाव दिलं, पिंपातली मुलं. पण त्यांची खरी कसोटी पिंप थांबल्यावर आली. पाच-सात-दहा वर्षांनी आईने तिकीट पाठवलं. मूल लंडनला उतरलं आणि विमानतळावर एका अनोळखी बाईने त्याला मिठी मारली. घरात नवी भावंडं होती, तिथे जन्मलेली, आईला हक्काने बिलगणारी. आणि ज्या आजीच्या कुशीत ते वाढलं होतं ती समुद्रापार राहिली. आपण याला पुनर्मीलन म्हणतो. मुलाच्या बाजूने ते दुसऱ्यांदा तुटणं असतं, आणि या दुसऱ्या वेळी रडण्याचीही सोय नसते, कारण सगळे आनंदात असतात. त्याने आजीसाठी रडणं आईला कृतघ्नपणा वाटतो.

अमेरिकेत कॅरोला सुआरेझ-ओरोस्को आणि सहकाऱ्यांनी चीन, मध्य अमेरिका, डोमिनिकन प्रजासत्ताक, हैती आणि मेक्सिकोहून आलेल्या सुमारे चारशे मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला. त्यांतली जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलं स्थलांतराच्या काळात आईपासून, बापापासून किंवा दोघांपासून दूर राहिलेली होती. म्हणजे स्थलांतरित घरात ताटातूट हा अपवाद नसतो, एकत्र राहणं हाच अपवाद असतो. त्यातही ज्यांना आधी सांगितलं गेलं होतं, जाणं तात्पुरतं आहे हे समजावलं गेलं होतं, त्यांना ते सोसणं तुलनेने सोपं गेलं. आपल्याकडे मूल झोपेत असताना निघून जाण्याची पद्धत आहे, त्याने रडू नये म्हणून. रडू टळतं. पण उठल्यावर मोकळा बिछाना पाहिलेलं मूल पुढे कित्येक महिने झोपायला घाबरतं.

आता अमेरिका. ताटातुटीचे सगळे प्रकार तिथे एकाच कायद्याच्या छपराखाली सापडतात.

डायान गरेरो या अभिनेत्रीची हकिकत तिथे पुष्कळांना ठाऊक आहे. आईबाप कोलंबियाचे, कागदपत्रांशिवाय राहणारे. ती अमेरिकेत जन्मली म्हणून नागरिक. चौदा वर्षांची असताना एके दिवशी बॉस्टनमधल्या घरी शाळेतून परतली तर दिवे चालू, स्वयंपाक अर्धा झालेला आणि घरात कुणी नाही. आईबापांना पकडून नेलं होतं, पुढे दोघांना कोलंबियाला पाठवून दिलं. ती मैत्रिणींच्या घरी राहून शाळा पुरी करत राहिली. तिने पुढे लिहिलं-सांगितलं त्यातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढी यंत्रणा आईबापांना शोधून काढू शकली, पण चौदा वर्षांची मुलगी आता कुठे झोपते, काय खाते, हे विचारायला कुठल्याही खात्याचं माणूस आलं नाही.

अशी घरं तिथे 'मिश्र दर्जाची' म्हणून ओळखली जातात. निदान एक पालक कागदाविना असलेली, स्वतः नागरिक असलेली मुलं चाळीस लाखांहून अधिक आहेत. मुलाच्या नागरिकत्वाने आईबापांना संरक्षण मिळत नाही. मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत त्यांच्यासाठी अर्जच करू शकत नाही. शिवाय १९९६ च्या कायद्याने एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेल्या माणसाला देश सोडला की दहा वर्षं परतायची बंदी घातली. पाच वर्षांच्या मुलीचा बाप पाठवून दिला गेला तर तो कायदेशीर वाटेने परत येईल तेव्हा ती कॉलेजात असेल. म्हणून या घरांत आई मुलांना शाळेचा डबा भरताना आणखी एक गोष्ट शिकवते, मी संध्याकाळी आले नाही तर कुणाच्या घरी जायचं, फोन नंबर कोणता, पाकीट कुठे ठेवलंय. पाकिटात वकिलाकडून करून घेतलेलं पत्र असतं, मुलांचा ताबा तात्पुरता अमुक मावशीकडे द्यावा असं.

भीती आईच्या अंगात किती खोल जाते याचा एक पुरावा आहे. १२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावात मांस कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले, बरेचसे ग्वाटेमालाचे. नंतर संशोधकांनी त्या राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या काळात लॅटिनो आयांच्या पोटी कमी वजनाचं बाळ जन्मण्याचा धोका आधीच्या वर्षापेक्षा २४ टक्क्यांनी वाढलेला निघाला. गोऱ्या आयांत तशी वाढ नव्हती. आणि वाढ फक्त कागदाविना असलेल्या आयांपुरती नव्हती, तिथेच जन्मलेल्या, नागरिक असलेल्या लॅटिनो आयांतही ती होती. ही बाळं वियोगाच्या भीतीत जन्माच्या आधीच सामील झाली होती.

२०१८ मध्ये जे घडलं त्याची पाळंमुळं अशी आधीपासूनची होती, तरी ते वेगळंच होतं. तोवर मुलं दुरावत ती दुसऱ्या कारवाईच्या ओघात. आता दुरावणं हेच हत्यार झालं. ६ एप्रिल २०१८ ला 'शून्य सहनशीलता' धोरण जाहीर झालं. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरायचा. प्रौढ तुरुंगात गेला की बरोबरचं मूल कागदावर 'एकटं आलेलं' ठरायचं आणि दुसऱ्या खात्याच्या निवाऱ्यात जायचं. टेक्सासमधल्या एल पासो भागात याचा प्रयोग २०१७ मध्येच झाला होता. काढून घेतलेल्या मुलांत चार महिन्यांचं एक बाळ होतं. सगळी मिळून मुलं साडेचार हजारांहून अधिक. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षा कॉलीन क्राफ्ट यांनी याला सरळ बालछळ म्हटलं. निवाऱ्यात रडणाऱ्या मुलांचा आवाज ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २० जूनला सरकारने माघार घेतली आणि २६ जूनला न्यायाधीश डेना साब्रॉ यांनी आदेश दिला की पाचाच्या आतली मुलं चौदा दिवसांत आणि बाकीची तीस दिवसांत आईबापांकडे पोचवा.

पोचवायची कशी? आईबापांची नोंद एका खात्यात, मुलांची दुसऱ्यात, आणि कोणतं मूल कुणाचं हे जोडणारी धड यादीच केलेली नव्हती. सामान ठेवायच्या खोलीतही पावती देतात. ज्याला सांगता येत नाही असं दोन वर्षांचं मूल हातातून घेताना तेवढंही झालं नाही. चारशेहून अधिक आईबापांना तोवर मुलांशिवाय मायदेशी धाडलेलं होतं. स्वयंसेवी वकील ग्वाटेमाला आणि होंडुरासच्या डोंगरातल्या गावांत पायी फिरून त्यांना शोधत राहिले. काही मुलं परत मिळाली तेव्हा त्यांनी आईला ओळखलं नाही, सांभाळणाऱ्या बाईकडे हात केले. २०२३ च्या डिसेंबरात झालेल्या तडजोडीने अशा धोरणावर आठ वर्षांची बंदी घातली. मुलांच्या हक्कांचा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार मूल इच्छेविरुद्ध आईबापांपासून तोडू नये असं नवव्या कलमात म्हणतो. भारताने १९९२ मध्ये तो स्वीकारला. अमेरिकेने अजूनही त्याला मंजुरी दिलेली नाही.

आपली माणसं हे सगळं टीव्हीवर बघत होती आणि अनेकांना वाटत होतं की आपला याच्याशी संबंध नाही, आपण कागदपत्रं करून आलो. संबंध आहे. पुण्याहून एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीला गेलेल्या घराचं उदाहरण घ्या. थोरली मुलगी पुण्यात जन्मली, चार वर्षांची असताना गेली. धाकटा तिकडे जन्मला. तो नागरिक, ती आईबापांच्या नोकरीला बांधलेल्या एच-४ व्हिसावर. दोघंही रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जातात, दोघांचेही इंग्रजी उच्चार सारखेच. पण तिच्या वर्गातल्या मैत्रिणी सुट्टीत आइसक्रीमच्या दुकानात काम करतात तेव्हा तिला परवानगी नसते, आणि एकविसाव्या वाढदिवशी ती कायद्याच्या दृष्टीने या कुटुंबाची राहत नाही.

कारण गणितात आहे. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. १९९० च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही एका देशाला त्यांतली साधारण ७ टक्के. अर्जदारांत भारतीय इतके की रांग दशकांनी मोजावी लागते. २००२ च्या एका कायद्याने मुलांच्या वयातून अर्जाच्या छाननीचा काळ वजा होतो, पण रांगेत उभं राहण्याचा काळ वजा होत नाही. २०१२ मध्ये ओबामा सरकारने लहानपणी आणलेल्या मुलांना जी सवलत दिली ती बेकायदा राहणाऱ्यांसाठी होती, या मुलांना लागू झाली नाही. कायदा पाळल्यामुळे त्यांची पंचाईत झाली. अशी मुलं दोन लाखांहून अधिक असावीत, त्यांत बहुसंख्य भारतीय. पुढचे रस्ते दोन-तीनच. परदेशी विद्यार्थी म्हणून भरमसाट फी भरून व्हिसा बदलायचा आणि पुन्हा लॉटरीच्या रांगेत लागायचं, कॅनडा गाठायचा, नाहीतर भारतात परतायचं, ज्या भारतात तिची खोली नाही, मित्र नाहीत, आणि आजीची भाषा कशीबशी येते. तिच्याशी कुणी क्रूर वागलं नाही, कुणी दार ठोठावलं नाही. तिला आईबापांपासून तोडणारी तारीख तिच्या जन्मदाखल्यावरच छापलेली होती. एच-४ वर मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांशी बोलताना जाणवतं की तेही डबा भरताना मनात काहीतरी मोजत असतात. टेक्सासच्या सीमेवरची आई आणि न्यू जर्सीच्या एडिसनमधली आई यांच्या पगारात, भाषेत, घरात काहीच साम्य नाही. त्यांच्या मुलांना मोजण्याची फूटपट्टी मात्र एक आहे. कामगार आत आला, मूल त्याच्या सामानासारखं.

आणि आपण घरी कोणती फूटपट्टी वापरतो?

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती कोयत्याला. त्यात मूल कुठे धरलेलं नाही. बरोबर नेलेली मुलं कारखान्याच्या आवारातल्या किंवा फडाजवळच्या खोपीत राहतात. आई पहाटे तोडणीला जाते, सहा-सात वर्षांची बहीण तान्ह्याला सांभाळते, पाणी भरते, थोडी मोठी झाली की मोळ्या बांधते, वाढं गोळा करते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही संस्थांनी त्या जीव ओतून चालवल्या, पण टोळी एका फडातून दुसऱ्या फडात जाते आणि शाळा मागे राहते. गावात मागे ठेवलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, म्हणजे गावातल्याच शाळेच्या आधाराने सहा महिने जेवणाची, राहण्याची सोय. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींची वेगळी वसतिगृहं मंजूर केली.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की प्रश्न अधिकच अवघड होतो. बरोबर न्यावी तर खोपीला दार नाही. मागे ठेवावी तर रात्री तिच्याजवळ कोण? बीड जिल्ह्यातल्या बालविवाहांमागे प्रथा, हुंडा, गरिबी अशी सगळी कारणं आहेत, आणि त्यांत हेही एक आहे. लग्न केलं की जबाबदारी सासरी गेली, आणि नवी जोडी म्हणजे नवा कोयता, नवी उचल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर होतं. आईबापांपासूनचा वियोग टाळण्याचा नाही, तो कायमचा करून टाकण्याचा हा मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्या आईबापांना दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कुणी ठेवला होता, हे आधी विचारावं लागतं.

ठेवला आहे तो हंगामी वसतिगृहाचा. त्याची अडचण अनुदानाच्या रकमेइतकीच तारखेची आहे. गाड्या दसऱ्यानंतर निघू लागतात, दिवाळीपर्यंत गावं रिकामी होतात. वसतिगृहासाठी आधी सर्वेक्षण, मग प्रस्ताव, मग मंजुरी, मग जेवणाचा बंदोबस्त. हे होईतो कित्येक ठिकाणी नोव्हेंबर सरतो, कधी डिसेंबर उजाडतो. गाडी निघते त्या दिवशी आईच्या हातात सांगायला काहीच नसतं की पोरीला इथं सोड, आज संध्याकाळी इथं चूल पेटेल. म्हणून ती पोरीला उचलून गाडीत घेते. महिन्याभराने वसतिगृह उघडतं तेव्हा मुलगी कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या फडात असते, आणि हजेरीपटावरच्या तिच्या नावापुढे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, रेघ ओढली जाते.